पेडल तर घट्ट लागत होतं

माझ्या बाबाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल केली आणि त्या दिवसापासून माझं डोकं चालेनासं झालं. हा माणूस चुकतच नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत. भरतीची वेळ हुकली तर पंचांग छापणारा बेअक्कल. कालवण खारट झालं तर मीठच हल्ली जास्त खारट येतं. एकदा चष्मा कपाळावर ठेवून अर्धा तास घर उलटंपालटं केलं आणि सापडल्यावर आम्हालाच सुनावलं, की घरात चार माणसं आणि एकालाही समोरचं दिसत नाही. असा माणूस बंदराच्या उतारावर सगळ्या कोळीवाड्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "माझा पाय चुकला."

आमच्याकडे एक ट्रक आहे. मिलिटरीचा, म्हणजे कधीकाळी होता. मी शाळेत असताना बाबाने तो डिस्पोजलच्या लिलावातून आणला. अंधेरी पश्चिमेचा रस्ता जिथे संपतो तिथे आमचा कोळीवाडा, आणि ट्रकचं जग तेवढंच. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घ्यायचा, गल्लीतून उताराने बंदरावर यायचं, जाळी उचलायची, पावसाळ्याआधी होड्या वाळूत वर ओढायच्या. त्याचे कागद कधीच संपलेत, म्हणून मोठ्या रस्त्याचं तोंड तो बघत नाही. बाबाचे गुडघे गेले तेव्हा होडी दादाने घेतली आणि बाबा ट्रकवर आला. समुद्र सुटलेल्या माणसाला बंदरावर काम उरत नाही. बाबाला उरलं ते ह्या ट्रकमुळे. रोज सकाळी तो चावी खिशात घालून निघायचा तेव्हा त्याची चाल बघण्यासारखी असायची.

त्या दिवशी मागे बर्फ भरलेला होता. उतारावर ट्रक थांबेना. हँडब्रेक नावापुरताच होता. खाली आमच्या शेजारची मावशी पाटी घेऊन उभी होती, ती उडी मारून बाजूला झाली आणि तिची पाटी चाकाखाली गेली. बाबाने स्टिअरिंग वळवून ट्रक बोंबील वाळवायच्या वलांडींमध्ये घातला. बांबू मोडले, दोऱ्या तुटल्या, ट्रक थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मावशी वाळूत बसली होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एरवी तिचा आवाज पार बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जातो.

दादा धावत आला, ट्रकमध्ये चढला, ब्रेकचं पेडल दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट. दोनदा, तीनदा दाबलं. मग खाली उतरून त्याने बाबाकडे नुसतं बघितलं. ब्रेक ठीक आहेत, मग काय झालं? तेव्हा बाबा ते वाक्य बोलला. दादाने हात पुढे केला आणि बाबाने चावी काढून दिली. वाद नाही, शिवी नाही, काही नाही. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, हा कोण दुसराच माणूस आहे.

मी घराजवळच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते. आमच्यात पहिला नियम असा, की नाव आधी लावायचं आणि मगच नळी हातातून सोडायची. बिननावाची नळी सापडली तर ती फेकायची, अंदाज करायचा नाही. दहा वर्षांत माझ्या हातून एकही नळी बदललेली नाही, आणि ह्या गोष्टीचा मला जरा माज आहे, हे कबूल करते. घरातसुद्धा माझी हीच खोड. डाळीचे डबे, औषधं, मागच्या पडवीतल्या बाटल्या, सगळ्यावर माझी लेबलं. आई म्हणते, एक दिवस माझ्या कपाळावर पण चिकटवशील.

तर बाबा घरी बसला. दारात बसून जाळं विणायचा आणि बंदराकडे पाठ करायचा. दादा म्हणाला, ट्रक भंगारात देऊ, वय झालंय दोघांचं. हे त्याने बाबाच्या कानावर पडेल अशा बेताने म्हटलं. मला असा संताप आला की मी भांडं आपटलं. पण भांडं आपटून काही सिद्ध होत नाही. मी ठरवलं की ब्रेक उघडून बघायचे. बाबाचा पाय चुकत नाही. चुकला असेल तर तेही कळू दे, पण नुसतं पेडल दाबून कुणी निकाल द्यायचा नाही.

आणि इथेच मला कळेनासं झालं. बाबाच नको म्हणाला.

"ब्रेकला हात लावू नको, बाय," तो म्हणाला. "जाऊ दे भंगारात."

ज्या ट्रकसाठी हा माणूस आईशी आठवडा आठवडा बोलत नव्हता, तो ट्रक जाऊ दे? मी कारण विचारलं तर जाळ्यात मान घातली. तेव्हा माझ्या मनात आलं, चोराच्या मनात चांदणं. पाय खरंच चुकलाय आणि ब्रेक उघडले की ते पक्कं होईल, ह्याची त्याला भीती वाटतेय. बापाबद्दल असं मनात आलं ह्याची मला लाज वाटली. पण आलं ते आलं.

तरी मी मिस्त्रीकाकांना बोलावलंच. साकीनाक्याला एका गाळ्यात बसतात. मालवणकडचे, फौजेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घातलेलं, ह्या जातीच्या ट्रकचं पोट त्यांना पाठ. रविवारी ते आले तेव्हा खांद्याला झाडांवर औषध मारायचा फवारणीचा पंप. दादा हसला, म्हणाला, काका, ब्रेकला कीड लागलीय का? काकांनी लक्ष दिलं नाही. पंपाच्या नळीच्या टोकाला त्यांनी पितळेचं एक झाकण बसवलं होतं, खास लेथवर कापून घेतलेलं, आणि पंपावर दाब दाखवणारा काटा.

काम तसं सरळ. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि ब्रेक ढकलतं. त्या तेलात हवा शिरली की ब्रेक फसतो, म्हणून हवा काढायची. जुनी रीत दोघांची. एकजण पेडल मारतो, दुसरा चाकाशी आडवा पडून तिथला निप्पल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सोडतो आणि आवळतो. लहानपणी पेडलवर मी असायची. बाबा खालून ओरडायचा, मार, मार, मार, धर! मी दोन्ही पायांनी उभी राहून धरायची आणि ट्रक आपणच थांबवलाय असं मला वाटायचं. काकांची रीत वेगळी. केबिनमध्ये पायाखालच्या फळीखाली तेलाची टाकी असते, तिला ते पितळेचं झाकण लावायचं, पंपात नवं तेल भरून हवा मारायची, मग तेल आपल्या दाबाने पुढे जातं. निप्पल सोडला की आधी बुडबुडे येतात, मग साफ तेल.

बाबा थोड्या अंतरावर उलट्या क्रेटवर येऊन बसला होता. त्याने नको म्हटलेलं मी ऐकलं नाही म्हणून माझ्याशी बोलत नव्हता. काकांना म्हणाला, पेडलवर मी बसू का. काका आपल्या नादात होते, म्हणाले, ह्याला पाय लागतच नाय. बाबा पुन्हा खाली बसला. मला त्या पितळेच्या झाकणाचाच राग आला.

काकांनी काटा पंधरावर नेला. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणून मागचं डावं. निप्पलला पारदर्शक नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं, निप्पल फिरवला. आम्ही सगळे वाकून बघतोय. काही नाही. तेल नाही, बुडबुडा नाही. काकांनी निप्पल पुरता काढला, तारेने भोक साफ केलं, परत लावला. काही नाही. मागचं उजवं. काही नाही. काटा पंधरावर ढिम्म. दाब आहे, तेल आहे, वाट मोकळी दिसतेय, आणि येत काहीच नाही. दादाने पेडल दाबलं. घट्ट. म्हणाला, बघा, मी सांगतोय ना. काकांनी डोकं खाजवलं, चहा मागितला, चहा पिताना ट्रककडेच बघत राहिले. फौजेत काढलेला माणूस असा गोंधळलेला बघून माझा उरलासुरला धीर सुटला.

मग त्यांनी मागच्या चाकाजवळ जोड सोडला. लोखंडी नळीतून तेलाची चिळकांडी उडाली. म्हणजे तिथपर्यंत तेल येत होतं. तिथून चाकापर्यंत हातभर रबरी नळी असते. काकांनी ती काढली आणि पटाशीने आडवी कापली. आतलं भोक बुजलेलं. रबर आतल्या आत फुगून भिजलेल्या पावासारखं झालं होतं. मग फळीखालचा मोठा सिलेंडर उघडला, तिथल्या रबरी वाट्यासुद्धा तशाच फुगलेल्या. काकांनी तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, आईकडून पेल्यात पाणी मागवलं आणि त्यात ते ओतलं. थोडं पाण्यात मिसळलं आणि बाकीचं सगळं कालवणाच्या तवंगासारखं वर येऊन थांबलं.

"ह्यां ब्रेकाचां तेल न्हय," काका म्हणाले.

मग त्यांनी दादाला समजावलं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. हे मशीनचं तेल आहे, हे ब्रेकमध्ये गेलं की दोनचार आठवड्यांत रबर फुगतं, वाट बंद होते. पेडल घट्ट लागत होतं ते म्हणूनच. तेल पुढे सरकायला जागाच नव्हती, तर पेडल खाली जाणार कुठे? वरून वाटतं ब्रेक झकास, आणि चाकापर्यंत काही पोचतच नाही. म्हातारबानी ब्रेक मारला असणार, काका म्हणाले, आणि पुऱ्या ताकदीने मारला असणार.

मला एवढा आनंद झाला की मी टाळीच वाजवली. बाबाकडे बघितलं. आता हा उठणार, दादाला चार शिव्या हासडणार, चावी मागणार. बाबाचं तोंड मात्र उतरलं होतं. दादाने विचारलं, हे तेल ओतलं कुणी?

"मीच ओतलं," बाबा म्हणाला. "डोळे गेलेत माझे."

महिन्याभरात दुसरी कबुली. दादा म्हणाला, पाय नाही तर डोळे, फरक काय पडला, आणि चावी त्याच्या खिशातच राहिली. बाबा उठून घरी गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं माझं. पाय वाचवायला गेले आणि माणूस आंधळा ठरवून बसले. पण डोळ्यांचं मला पटेना. ह्या माणसाला अजून जाळ्याचा तुटका आस, एवढंसं भोक, लांबून दिसतो.

काका म्हणाले, ती बाटली आण बघू, कसलं तेल ते तरी कळू दे. मी पडवीत गेले. आमच्या घरी काही फेकत नाहीत. ब्रेकचं तेल आणि होडीवर जाळं ओढायच्या विंचचं तेल, दोन्ही कोल्ड्रिंकच्या जुन्या सारख्याच बाटल्यांत. दोन्हींचा रंग मधासारखा. फळीवर एकच बाटली होती, तिच्यावर माझ्या अक्षरात लेबल, विंच. ब्रेकची बाटली नव्हतीच. का कोण जाणे, मी ती विंचची बाटली उघडली आणि तिथल्याच वाटीतल्या पाण्यात चार थेंब टाकले. थेंब विरघळले. तवंग आलाच नाही.

गणपतीच्या आधीचा रविवार आठवला. बाबाची स्वतःची खूण होती, बाटलीच्या गळ्याला जाळ्याचा दोरा. एक गाठ होडीची, दोन गाठी ट्रकच्या. ट्रक आल्यापासून त्याचं हेच चाललेलं. ते मळके दोरे मला बघवेनात. मी सगळे कापून टाकले, बाटल्या पुसून ओळीने मांडल्या, मधेच लॅबमधून फोन आला, बोलून झाल्यावर येऊन लेबलं चिकटवली. दोरे आधी कापले. नावं नंतर लावली. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं. घरात मात्र मी हुशार, अंदाजाने चिकटवलं आणि वर आईला दाखवलं, बघ कसं छान दिसतंय.

शोधता शोधता ब्रेकची बाटली बाबाच्या जाळं विणायच्या पेटीत मिळाली, सुयांच्या खाली. माझं लेबल अर्धवट खरवडलेलं, ब्रे एवढंच उरलेलं. गळ्याला नवा दोरा. एक गाठ.

बाबा दारात बसला होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली. मी रडायला लागले आणि रडता रडता त्याच्यावरच चिडले. तुला कधी कळलं, मी विचारलं. तर म्हणाला, त्याच दिवशी, ट्रक वलांडीत घातल्यावर घरी येऊन पहिलं हेच बघितलं. मग सांगितलं का नाहीस? मावशी मेली असती तर? मी दादाला आत्ता सांगते, म्हटलं.

"गप बस," बाबा म्हणाला. "बंदरावर माझं नाव गेलं तर चार दिवस बोलतील. तुझं पोट बाटल्यांवर आहे, बाय. उद्या लॅबमध्ये कळलं की ही बाटल्या बदलते, तर?"

मग म्हणाला, "आणि तुला कळलं असतं तर तुझा हात थरथरला असता."

मी उठले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं. दादाला, काकांना आणि मावशीच्या दारात जाऊन मावशीलासुद्धा. लेबल माझं, चूक माझी, बाबाचा पायही बरोबर होता आणि डोळेही. मावशीने मला अशा शिव्या घातल्या की दोन गल्ल्यांत ऐकू गेल्या. शेवटी म्हणाली, शिकलीस ती काय चुलीत घालायला? मला त्या शिव्यांनी बरं वाटलं. दादाने बाबासमोर जाऊन चावी जाळ्यावर ठेवली आणि निघून गेला. बाबा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची इतकी सांभाळून केलेली खोटी कबुली मी फुकट घालवली होती.

पुढच्या रविवारी काका पुन्हा आले. सगळी रबरं नवी, नळ्या नव्या, लोखंडी नळ्या स्पिरिटने धुऊन काढल्या. पितळेचं झाकण बसलं, काटा पंधरावर गेला, आणि ह्या वेळी मागच्या डाव्या चाकाला आधी बुडबुडे आले, मग फेस, मग साफ पिवळं तेल. मी बाटली धरून बसले होते. एकेक चाक करत पुढे आलो. शेवटचा निप्पल आवळल्यावर काकांनी हात पुसले आणि बाबाला हाक मारली. आता पाय लागेल, म्हणाले.

बाबा वर चढला. मीपण शेजारी चढले, तो नको म्हणत असतानाही. त्याने पेडलवर पाय ठेवला, दाबला, धरला. खालून दादाने चाकं तपासली आणि मान हलवली. समोर तोच उतार होता. खाली मावशी नव्या वलांडींपाशी उभी होती आणि ओरडून सांगत होती, की ती आता बाजूला व्हायची नाही, थांबवायचा तर थांबव. बाबा हसला. मला मात्र पडवीतली ती गोष्ट सोडवत नव्हती. ह्या माणसाला वासावरून कळतं की मासा सकाळचा आहे की कालचा. ब्रेकचं तेल आणि विंचचं तेल ह्यांचा वास तर माझ्यासारखीलाही कळतो.

"बाबा, ओतताना तुला वास आला नाही?"

"आला ना," तो म्हणाला. त्याने इंजिन चालू केलं आणि उताराकडे बघत राहिला. "पण वर तुझं अक्षर होतं."